भरलेल्या टाकीचा शेवट

चाळिशीला टेकलेली बाई व्हिडिओ गेम खेळते म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. लातुरात एका क्लासमध्ये मी दिवसभर पोरांना केमिस्ट्री शिकवते, घसा बसेपर्यंत बोलते, आणि घरी आल्यावर तासभर अंतराळात जाते. कुणाच्या बापाचं काय जातं? माझ्या बापाचं तर काहीच गेलं नाही, उलट ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. सत्तरी ओलांडलेले, चाकूरच्या तहसिलीतून कारकून म्हणून रिटायर झालेले, इंग्रजीशी संबंध सहीपुरता. आमच्या घरात आता आम्ही दोघंच. आई नांदेडला असते. ती तिथं का असते हे सांगितल्याशिवाय मला गेमबद्दल काही सांगता येणार नाही, म्हणून आधी ते उरकते.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, तो सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला. टीव्हीवर दिसलं नाही ते आमच्या मोरीत चाललं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला, असा दादांचा कायदा होता, आणि त्यात झाडं कुठंच बसत नव्हती. आईची झाडं म्हणजे काही बागायत नव्हती. दारात डब्यांमध्ये लावलेला मोगरा, कढीपत्ता, एक जास्वंद. ती गुपचूप त्यांना तांब्याभर पाणी घालायची. एके दुपारी दादांनी तिला मोगऱ्यापाशी पकडलं. चांगलं, प्यायचं पाणी. शेजारच्या बाया दारात उभ्या असताना ते तिला म्हणाले, "माणसाला न्हाई अन् झाडाला घालून राहिलीस. अक्कल हाय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाला कडी बसवली आणि कुलूप लावलं.

आमच्या गल्लीत बऱ्याच टाक्यांना तेव्हा कुलपं होती, त्यात नवल काही नाही. चोऱ्या होत होत्या पाण्याच्या. पण आमची किल्ली दादांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, आणि स्वयंपाकाला पाणी पाहिजे असलं तर आईला ती मागावी लागायची. पेपर वाचत असले तर पेपर संपेपर्यंत ती हातात कळशी घेऊन उभी राहायची. आठ-दहा दिवसांनी ती म्हणाली, नांदेडला भावाकडं चार दिवस जाऊन येते. गेली. मोगरा वाळला, मग जास्वंद, मग कढीपत्ता. आई काही आली नाही.

भांडण झालं नाही, बैठक बसली नाही, कुणी मध्यस्थी केली नाही. आधी मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, मग मामाच्या घराचं बांधकाम, मग कारणं सांगायचंच बंद झालं. दिवाळीला यायची, पाहुणीसारखी, पिशवी न सोडता. एकदा मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "किल्ली मागायची लाज वाटायची गं मला." मी पोटात ठेवणाऱ्यांतली नाही. घरी येऊन दादांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग पाणी काय नळाला येत होतं का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला त्यांच्याकडून एवढंच पाहिजे होतं की त्यांनी नांदेडची बस धरावी आणि तिला घेऊन यावं. तिथून पुढं इतकी वर्षं मला तेवढंच पाहिजे होतं.

आता गेम.

गोलाईत, म्हणजे आमच्या बाजारपेठेत, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेले एक भाई आहेत, आजोबा-वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे मोबाईल करतात. त्यांनी मला गेमचं जुनं मशीन मिळवून दिलं आणि हा गेम खेळायला लावला. पृथ्वी सोडून निघालेलं एक जहाज, आत झोपवून ठेवलेली शेकडो माणसं, त्यांना लांबच्या एका ग्रहावर नेऊन उतरवायचं. जागे फक्त दोघं. एक पायलट, म्हणजे आपण, आणि एक म्हातारी. म्हातारी जहाजातली काचेची बाग सांभाळते. वाटेत बर्फाचे मोठे मोठे गोळे लागतात, ते पकडायचे, वितळवायचे, आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गेम विचारतो, हे पाणी टाकीत टाकू की बागेला देऊ?

हा प्रश्न लातूरकराला विचारायचा असतो का?

दादा मागे बसून चहा पीत होते. म्हणाले, "ही म्हातारी कोण?" मी सांगितलं. "आणि हे काय विचारून राहिले?" तेही सांगितलं. "टाकीत," दादा म्हणाले, कप खाली न ठेवता. पुढच्या टप्प्याला परत, "टाकीत." तिसऱ्या टप्प्याला मी बागेच्या बटणावर बोट नेलं तर त्यांनी माझ्या हातातून रिमोटच काढून घेतला. त्याला रिमोट म्हणत नाहीत, पण दादा म्हणायचे. त्या दिवसापासून पाण्याचं खातं त्यांच्याकडं आणि जहाज माझ्याकडं अशी वाटणी झाली. म्हातारी मधूनमधून काही बोलायची. मी सांगायची, "दादा, बाग सुकतेय म्हणते." ते म्हणायचे, "म्हणू दे. पुढं काय वाढून ठेवलंय तिला काय माहीत." टाकीचा काटा वर चढला की त्यांचा चेहरा असा फुलायचा की मला हसू यायचं. खोटं कशाला बोलू, आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही जास्त ताणलं नाही.

आम्ही पोचलो. जहाज उतरलं, दार उघडलं, उजेड आला आणि पडदा काळा झाला. संपलं. बाहेर काय होतं, माणसं उठली का, म्हातारीचं काय झालं, काही नाही. आणि नुसतं आमच्याच नाही, सगळ्यांच्याच पदरात हेच पडलं. पाणी कुठंही घाला, शेवट एकच.

गेम खेळणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात मीही आहे, गोलाईतले भाईही आहेत. तिथं त्या आठवड्यात जी रडारड चालली होती ती मयताच्या घरीही चालत नाही. पुण्याच्या एका मुलाने लिहिलं, आमचा विश्वासघात झाला. सांगलीच्या एकाने लिहिलं, इतक्या ठिकाणी विचारलंत काय करू, काय करू, आणि शेवटी सगळ्यांच्या पानात एकच भाजी वाढलीत. लोकांनी कंपनीला पत्रं लिहिली, रेटिंग पाडलं, शिव्यांचे व्हिडिओ केले. मीही चांगली चार परिच्छेदांची तक्रार इंग्रजीत लिहून पाठवली. सगळ्या जगात त्या शेवटावर खूश असलेला एकच माणूस होता आणि तो माझ्या घरात बसला होता. "पोचलं ना जहाज?" दादा म्हणाले. "टाकी भरलेली हाय ना? मग झालं की. लोकांना काय कळत न्हाई." मी हे ग्रुपवर टाकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव टाकीवाले दादा पडलं. मी एखादा दिवस काही लिहिलं नाही तर लोक विचारायचे, टाकीवाले दादा काय म्हणतात?

कंपनी झुकली. काही महिन्यांनी जाहीर झालं की शेवट बदललाय, फुकट मिळेल, फक्त शेवटचा टप्पा परत खेळायचा. तुम्ही आधी जे जे केलं असेल ते बघून शेवट ठरेल. ग्रुपवर गुलाल उधळायचा बाकी होता. आमचं नेट बेताचं, फोन लावून डाउनलोड करायला अख्खी दुपार गेली. तोवर बाकीच्यांनी बघूनही घेतला होता आणि माझा फोन वाजून वाजून गरम झाला. सांगलीवाला लिहीत होता की दार उघडतं, आणि आधी म्हातारी उतरते, हातात रोप घेऊन. मातीत बसते, खड्डा करते. मग मागून झोपलेली माणसं एकेक करून डोळे चोळत बाहेर येतात. मी रडलो, बायको विचारतेय काय झालं, असं त्याने लिहिलं होतं. कोल्हापूरची एक मुलगी म्हणाली, मी तीनदा बघितला, तीनदा रडले. लोक स्वतःचे रडतानाचे व्हिडिओ टाकत होते. मला ते चाळे आवडत नाहीत, पण त्या दिवशी माझेही डोळे भरून आले, न बघताच.

मग भाईंचा मेसेज आला. "आपा, अपने में तो बुढी हैच नहीं."

थोड्या वेळाने बीडच्या एकाने तेच लिहिलं. मग उदगीरच्या एकाने. बघता बघता ग्रुपचे सरळ दोन भाग झाले. ज्यांच्या दारातून नदी वाहते त्यांच्यात म्हातारी उतरली होती, आणि आमच्याकडच्यांच्यात नव्हती. आम्ही सगळ्यांनी, एकमेकांना न विचारता, पाणी टाकीत टाकलं होतं. पुण्याचा तो मुलगा लिहितो, तुम्ही लोकांनी गेम चुकीचा खेळलात. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहिलं, बाळा, तुझ्या बाथरूममध्ये शॉवर आहे ना, त्याच्याखाली जाऊन उभा राहा आणि थंड हो. ते वाचून भाईंनी नुसता अंगठा टाकला.

दादांना मी सांगणार नव्हते. पण त्यांनी विचारलं, "नवा शेवट आला म्हणं?" भाजी आणायला गेले होते तेव्हा भाईंनी सांगितलं होतं. रविवारची सकाळ होती. दादा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले, जणू कुणाकडं जायचं आहे.

जहाज उतरलं. टाकीचा काटा गच्च वर. दार उघडायच्या आधी पायलट वळला आणि जहाजाच्या आतल्या वाटेने चालत काचेच्या बागेकडं गेला. आत नुसत्या काड्या. एक स्टूल, त्यावर घडी करून ठेवलेली शाल, आणि बाजूला पाणी घालायचं भांडं, पालथं. म्हातारी नव्हती. पायलट तिथं उभा राहून एवढंच म्हणाला, आणि मी दादांना सांगितलं, "पाणी भरपूर होतं, म्हणतोय."

दादा पडद्याकडं वाकले. मग म्हणाले, "ती कुठं गेली?"

"नाही दाखवलं."

"गेली म्हणजे मेली का गेली?"

"ते सांगत नाहीत, दादा."

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला. त्यांची मान खाली गेली होती आणि हनुवटी हलत होती. मी त्यांना आजीच्या मयतीलाही रडताना पाहिलं नव्हतं. "मी काय वाईट केलं?" ते म्हणाले. "मी तर सगळ्यायसाठीच ठेवलं होतं." गेमबद्दल बोलत होते की कशाबद्दल हे विचारायची गरज नव्हती. इतकी वर्षं मला त्यांना हेच सुनवायचं होतं, आणि आता ते समोर बसून स्वतःच म्हणत होते तर मला ते ऐकवेना. मी उठून त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी अर्धं प्यायलं आणि अर्धं ठेवलं, सवयीने.

दुपारी त्यांनी विचारलं, "परत खेळता येतं का?" मी म्हटलं, येतं, पण पहिल्यापासून. "मग काढ पहिल्यापासून." त्या दिवसापासून क्लास सुटला की आमचं तेच. पहिल्यांदा बागेच्या बटणावर त्यांचं बोट जाईना. टाकीवर जायचं, परत यायचं, परत जायचं. "आणखी एक गोळा गावू दे, मग घालू," म्हणायचे. शेवटी त्यांनी डोळे बारीक करून दाबलं, इंजेक्शन घेताना करतात तसे, आणि पडद्यावर बागेत कारंजं उडालं. "लई सांडून राहिलंय की," ते म्हणाले. पुढच्या वेळी सोपं गेलं. म्हातारी खूश होऊन काहीबाही बोलायला लागली, पहिल्या खेपेला ती एवढं कधी बोललीच नव्हती. ती काय म्हणते ते सगळं मला सांगावं लागायचं, एक शब्द गाळलेला चालायचा नाही.

याच दिवसांत कधीतरी मी गच्चीवर गेले तर टाकीच्या झाकणाला कुलूप नव्हतं. कडी होती, रिकामी.

मी आईला फोनवर सांगितलं, दादा बागेला पाणी घालायला लागलेत. ती हसली. "खोट्या झाडायला?" म्हणाली. मग थोडं थांबून विचारलं, "जगलीत का?" मला वाटलं, जमलं. मी वेडी, लगेच मनात तिचं कपाट झाडून ठेवलं. दादांना म्हटलं, तुम्ही स्वतः जाऊन सांगा तिला. दोन दिवस त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रविवारी बस कितीची हाय?"

लाल बसने गेलो. चाकूर लागलं तेव्हा ते खिडकीतून त्यांच्या जुन्या कचेरीकडं बघत राहिले. लोह्याला बस थांबली तर चहाला उतरले नाहीत, सारखा हात खिशाशी. मामाच्या घरी पोचलो तेव्हा आई गच्चीवर होती. तिथं तिने कुंड्याच कुंड्या लावल्यात. मोगरा, शेवंती, गुलाब, वेलावर दोडके लटकलेले. तिच्या हातात नळाला लावलेला पाईप होता आणि पाणी धो धो चाललं होतं. दादांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मी तेवढ्यावरही देवाचे आभार मानले.

आईने पाईप बंद केला, पदराला हात पुसले. "बसा की," म्हणाली. दादा कठड्यावर टेकले आणि खिशातून किल्ली काढून तिच्यापुढं धरली. "कुलूप काढून टाकलं मी," ते म्हणाले. "ही घे."

"कुलूप काढलं तर किल्ली कशाला आणली?"

त्यांनी किल्ली कठड्यावर ठेवली. मग त्यांनी आपलं जे होतं ते सांगायला घेतलं, जहाज, म्हातारी, काचेची बाग, सांगलीवाल्याच्यात ती रोप घेऊन कशी उतरली. "माझ्यात न्हाई उतरली," ते म्हणाले. "नुसती शाल होती. आता पहिल्यापासून घालून राहिलो पाणी. लई हिरवी झालीय बाग. आता येईल ती." इतकं सलग ते आईशी माझ्या आठवणीत कधी बोलले नव्हते. आई शेवंतीची वाळलेली पानं खुडत ऐकत होती. तिला सगळं कळत होतं. दादा थांबले तेव्हा ती म्हणाली, "तिला विचारलं का कुणी, तिला उतरायचं हाय का?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही आई, गेममध्ये तसं विचारत नाहीत."

"मग कसं," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मी हितं रुळले आता. ही झाडं सोडून कुठं जाऊ? तुम्ही तवा विचारलं असतं तर पळत आले असते. तुम्ही येत जा की." तिने त्यांना चहा दिला, भाकरी-पिठलं वाढलं, निघताना त्यांची बाटली काठोकाठ भरून दिली. किल्ली कठड्यावरच राहिली होती. मामीने ती मागून आणून माझ्या हातात दिली.

बसमध्ये मला रडू आलं. राग आला होता, पण तो कुणावर काढू हे कळेना. आईवर काढायचा मला हक्क नव्हता आणि दादांवर काढायचं मन होत नव्हतं. मग मी कंपनीवर काढला. कशाला बदलला शेवट? काळा पडदा होता तेव्हा आमचं बरं चाललं होतं. अहमदपूर येईपर्यंत दादा भरलेली बाटली मांडीवर धरून बसले. मग म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं गं तवा." मी त्यांचा हात धरला, पण त्यांचं चुकलं नाही असं काही मला म्हणता आलं नाही.

त्यानंतर ते खेळत राहिले. आता फक्त शेवटचा टप्पा उरलाय. बाग अशी झालीय की काच दिसत नाही. मी दोनदा म्हटलं, दादा, उतरवू या का जहाज, या वेळी ती नक्की उतरणार. ते म्हणाले, "राहू दे. ती हाय तिथं बरी हाय." रोज संध्याकाळी ते मशीन लावून आधीचाच टप्पा परत काढून घेतात, म्हातारी काय म्हणते ते माझ्याकडून ऐकतात, पाणी घालतात आणि बंद करतात. ग्रुपवर लोक अजून विचारतात, टाकीवाल्या दादांना चांगला शेवट कसा वाटला, व्हिडिओ टाका ना. मी लिहिते, अजून खेळताहेत.

आणि रोज सकाळी ते नांदेडला फोन लावतात. बोलायची सवय नाही, त्यामुळे लांबण लावत नाहीत. "घातलं का पाणी?" एवढंच विचारतात. पलीकडून आई म्हणते, "घातलं." मग ते फोन ठेवून देतात.